सतरा नंबरचं अक्षर

चांगलं अक्षर कोणतं हे आपल्याला कळतं, असं मी कामाचं सगळं आयुष्य समजत आले. यंदा पावसाळ्यात समुद्रपूरला नणंदेच्या ओसरीवर ते कळेनासं झालं आणि अजूनही नीट कळलेलं नाही. दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या धंद्याविषयी लिहा’ असा निरोप आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. गोंधळलेल्या माणसानं धंद्याविषयी काय लिहावं? मग वाटलं, अन्वी आणि ईशान, तुम्हा दोघांसाठी लिहावं. तुम्ही कॅनडात वाढलात. आजी आणि आबा वर्ध्यात ‘काहीतरी प्रिंटिंगचं’ करायचे, एवढंच तुम्हाला माहीत. अन्वीच्या लग्नपत्रिकेवरून इथे काय घोळ झाला तेही तुम्हाला कुणी पूर्ण सांगितलेलं नाही. इथले वाचक सोबत वाचतील, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आमचं दुकान म्हणजे पुढच्या खोलीत मी आणि कॉम्प्युटर, मागच्या खोलीत आबा आणि छपाईचं मशीन. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, काही वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली. आबांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्या सगळ्या सूचना इंग्रजीत होत्या. ‘तूच बैस याच्यापुढे,’ ते म्हणाले, आणि मी बसले ती दुकान बंद होईपर्यंत उठले नाही.

फॉन्ट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण मराठी फॉन्टचं दुखणं वेगळं असतं. तुमच्या इंग्रजीत अक्षरं शेजारीशेजारी उभी राहतात, कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. आपल्याकडे एक अक्षर दुसऱ्याच्या कडेवर बसतं, तिसरं पायाशी लोंबतं, डोक्यावर मात्रा, खाली उकार. फॉन्ट काढणाऱ्यानं या सगळ्यांच्या बसण्याची सोय केलेली असावी लागते. केली नसेल तर ‘उद्धव’मधला ‘ध’ वाट चुकल्यासारखा बाजूला उभा राहतो.

कंपन्यांनी फॉन्टना दिलेली नावं म्हणजे आकडे आणि इंग्रजी अक्षरं. ती लक्षात राहायची नाहीत म्हणून आम्ही आपली नावं ठेवली. जाड, मांडी ठोकून बसल्यासारखा तो पैलवान. पुढे झुकलेला, सतत घाईत असलेला तो पोस्टमन. वेलांट्यांना महिरपी, उकारांना झुपके, तो नवरी. आणि एक उभा, साधा, कसलाही नखरा नसलेला, तो सरळ. हळूहळू गिऱ्हाइकंही ही नावं शिकली. ‘बाई, नवरदेवाचं नाव पैलवानात टाका, मामाईचं पोस्टमनमंदी चालते,’ असं सांगायची.

सरळ हा माझा उजवा हात होता. स्वस्त कागदावर शाई पसरते आणि ‘क’, ‘भ’, ‘म’ यांच्या गाठी भरून काळे ठिपके होतात. सरळच्या गाठी मोकळ्या होत्या. पातळ कागदावर घाईघाईनं छापलं तरी अक्षर स्वच्छ यायचं. म्हणून शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, तेरवीच्या, म्हणजे गेलेल्या माणसाच्या तेराव्याच्या पत्रिका, असं तातडीचं सगळं काम सरळमध्ये. लग्नपत्रिका जाड कार्डावर, सोनेरी पावडर लावून, सावकाश छापायच्या. त्यांना कुठलाही फॉन्ट चालायचा. सरळची कीर्ती अशी की जिल्ह्यातले इतर छापखानेवालेही तो आमच्याकडून फ्लॉपीवर भरून घेऊन गेले.

तेरवीच्या पत्रिकेचे काही न लिहिलेले नियम होते. गठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळून, छापील बाजू खाली करून द्यायचा. नेणारा ‘येतो’ म्हणत नसे, नुसती मान हलवायचा. आणि आपण त्याला ‘परत या’ म्हणायचं नाही. दुकानात नवीन लागलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नसे. एकदा सवयीनं तोंडातून ‘या पुन्हा’ निघालं, की गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून तो आपोआप शिकायचा.

गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायच्या तर अंक पुरणार नाही. सिंदी रेल्वेचे एक कापसाचे व्यापारी होते, पाच भाऊ. धाकट्याच्या लग्नाची पत्रिका करायला पाचही एकदम आले. प्रत्येकाला आपलं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये हवं होतं, म्हणजे कुणी कुणाच्या खाली आहे असं दिसणार नाही. मी समजावलं, नाही ऐकलं. पत्रिका झाली ती यात्रेतल्या दुकानांच्या पाट्यांसारखी. ती पाहून पाचही जण खूश झाले, आबा मात्र मशीनला म्हणाले, ‘माफ कर बाप्पा.’

दुसरे एक आजोबा दरवर्षी दिवाळीनंतर यायचे. पहिल्यांदा ते स्वतःच्या तेरवीची पत्रिका तयार करून ठेवायला आले होते, कारण मुलांवर त्यांचा भरवसा नव्हता. नंतर दरवर्षी दुरुस्तीला. ‘नातू वाढला बाई, टाका.’ ‘साकरखेड्याच्या जावयाशी बोलनं बंद हाये, काढा.’ पुढच्या वर्षी जावई परत आत. हे ठीक होतं. पण त्यांची आणखी एक मागणी असायची, ती मला कधी उमगली नाही. ‘हे अक्षर बदलून द्या. नवरीचं टाका.’

‘अहो, ते लग्नाचं आहे. वाचायलाही जड. सरळ किती स्वच्छ दिसतं बघा.’

‘दिसते स्वच्छ. पन लोक वाचतच नाई ना बाई ते. पाह्यतेत अन् बसून घेतेत. माहं कार्ड लोकाईनं पुरं वाचलं पाह्यजे.’

मी त्यांना गाठी मोकळ्या कशा असतात ते दाखवलं. शाळेत शिकवल्यासारखं पेन्सिलीनं दाखवलं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘बरं, पुढल्या साली पाहू.’ आम्ही दुकान बंद केलं तेव्हाही ते चांगले हिंडतेफिरते होते.

आता यंदाचं.

अन्वी, तुझं लग्न तू ठरवलंस, तुझ्या आईबाबांनी हो म्हटलं, मग मला फोन आला. मुलगा तमिळ घरातला, तिकडे कॅनडातच वाढलेला. मला तो फोनवर आवडला. पण आक्कांना, म्हणजे तुमच्या आत्याआजीला, मी सांगितलं तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. आक्का आबांची मोठी बहीण. या घरातल्या प्रत्येक नवरीला पहिली हळद त्यांनी लावलेली आहे, मलासुद्धा. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, ‘ठरवून सांगतेत त्याले इचारनं नाई म्हनत, शालिनी. सांगितलं, म्या ऐकलं. लगनाले माह्यानं येनं होत नाई.’

आक्का आल्या नाहीत तर समुद्रपूरकडचं एक माणूस येणार नाही, हे मला माहीत होतं. आणि तुझी तर एकच अट होती, ‘आजी, हॉल कुठलाही घे, जेवण काहीही ठेव, पण आत्याआजी पाहिजे.’ लहानपणच्या सुट्ट्या तू त्यांच्या मांडीवर काढल्यास. मला उपाय एकच दिसला. पहिली पत्रिका स्वतः घेऊन जायची, बाकी कुणाला द्यायच्या आधी, आणि त्यांच्या हातात द्यायची. ती पत्रिका मी स्वतः करायची, घरच्या कॉम्प्युटरवर.

घरचा कॉम्प्युटर नेमका त्याच वेळी बसला. वर्ध्यालगत सिंदी मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंगेशचं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती करतो आणि पत्रिकाही छापतो. त्यानं नवीन मशीन जोडून दिलं, पण दुकानातल्या फॉन्टच्या सीड्या पाहून हात जोडले.

‘काकू, हे शेकड्यानं फॉन्ट हायेत. सगळे टाकले तं मशीन उघडता उघडता दुपार होईन. लागते तेवढेच निवडा.’

ते खरं की त्याला कंटाळा आला होता, मला माहीत नाही. पण निवडायला मला आवडतं. मी ठरवलं, परीक्षा घ्यायची आणि ती रीतसर. पेपर तपासताना जसा मुलाचा नंबर झाकतात, तसं फॉन्टचं नाव झाकायचं. प्रत्येकात एकच मजकूर छापला: कृष्णा, लक्ष्मी, उद्धव, ज्ञानदा, श्रद्धा, राष्ट्र, वाङ्मय. वर फक्त नंबर. नावाच्या जागी चिकटपट्टी. वीसपैकी गुण.

बरेच पहिल्या फेरीतच गेले. एकाकडे ‘ङ’च नव्हता, तिथे रिकामा चौकोन. एकाच्या मात्रा पतंगासारख्या वर तरंगत होत्या. उरलेल्यांत मी अडकले. सकाळी ज्याला पंधरा दिले त्याला संध्याकाळी अकरा द्यावेसे वाटायचे. चष्मा बदलला की निकाल बदलायचा. जो देखणा तो वाचायला जड, जो वाचायला सोपा तो लग्नाला फिका. मग मी ईशानला मदतीला घेतलं. आठवतं ना? व्हिडिओवर एकेक कागद मी कॅमेऱ्यापुढे धरत होते.

‘आजी, हे वाचता येतंय. पुढचं. हे... लक्... थांब. आजी, यावर कुणीतरी नूडल्स सांडलेत.’

ती नवरी होती, अकरा नंबर. मी तिला सात गुण दिले. सतरा नंबर तू एका दमात वाचलास, ‘वाङ्मय’सकट, आणि म्हणालास, ‘हे सोपं आहे. हे मला आवडलं.’ माझेही त्याला सगळ्यांत जास्त गुण होते. पट्टी काढली तर खाली आपला जुना सरळ! तसे उभे, साधे फॉन्ट त्यात इतके होते की नुसत्या नजरेनं मी तो ओळखला नव्हता. मला इतका आनंद झाला, जणू आपल्याच मुलाचा पहिला नंबर आला आणि तपासताना आपल्याला ठाऊक नव्हतं. पक्षपात केला असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

पत्रिका सरळमध्ये केली. वर मध्यभागी ‘अन्वी’, मोठं. खाली मुलाचं नाव, मग तारीख, मग घरच्यांची नावं, माझं, तुझ्या आईबाबांचं, ईशानचं. लाल किनार, वर छोटा गणपती. आबांच्या हाताखाली शिकलेलं सगळं वापरलं, चारी बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडली. एकच प्रत छापायला मंगेशकडे गेले.

त्यानं कार्ड मशीनमधून काढलं. पाहिलं. मग उलटं केलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

‘कसं झालं?’ मी विचारलं.

‘बरोबर आलं, काकू.’

‘येते मग.’

त्यानं मान हलवली. एरवी ‘येजा काकू, सांभाळून जाजा’ असं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणणारा माणूस! मी घरापर्यंत विचार करत आले की याला माझं काय लागलं? फॉन्टच्या सीड्यांवरून त्याला जास्त कामाला लावलं म्हणून रागावला असेल का?

शेजारच्या लताबाईंना पत्रिका दाखवली. त्यांचं किराण्याचं दुकान आहे, दिवसभर माणसं पाहतात, त्यांचं मत मी घेते. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली.

‘बहोत सुंदर आहे, काकू. एकदम सोबर. पण... सुनं सुनं वाटून राह्यलं ना थोडं?’

‘म्हणजे काय कमी आहे?’

‘ते नाई समजत. गणपती लहान वाटते का?’

मी गणपती मोठा केला, किनार दुहेरी केली, पुन्हा छापून आणली. मंगेशनं पुन्हा उलटी करून, गुंडाळून दिली. पुन्हा नुसती मान.

लताबाई म्हणाल्या, ‘आता गणपती मस्त झाला. सुनं तेवढंच आहे.’

मी पत्रिका टेबलावर उभी करून स्वतः लांब जाऊन पाहिली. मला तर ती शांत आणि आपली वाटत होती. घरात पाय ठेवल्यावर वाटतं तशी. गुणपत्रिका काढून पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती. मग म्हटलं, लोकांना झगमगाटाची सवय झालीय, त्याला आपण काय करणार. आणि समुद्रपूरच्या एसटीत बसले.

आक्का ओसरीवर सूप घेऊन तुरी निवडत होत्या. चष्मा कपाळावर. मला पाहून ‘ये’ म्हणाल्या, पण सूप बाजूला ठेवलं नाही. म्हणजे राग होताच. त्यांची सून सुनंदा पाणी आणायला आत गेली. मी ठरवलं होतं की आधी जेवणं होऊ द्यायची, मग ताटात अक्षता, कुंकू ठेवून रीतीनं पत्रिका पुढे करायची. पण पिशवीतून अक्षतांची पुडी काढताना वर्तमानपत्रातलं कार्डही बाहेर आलं.

‘काय आनलं वं कागदात?’ असं म्हणत आक्कांनी ते ओढलं, उलगडलं आणि हात लांब करून धरलं.

सूप मांडीवरून खाली गेलं. तुरी ओसरीभर झाल्या.

‘माय वं! माही पोट्टी! कवा गेली वं?’

‘कोण गेली, आक्का?’

‘अन्वी वं! कशानं गेली? सांगितलं काऊन नाई मले?’

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, मी एसटीत असताना कॅनडाहून इकडे फोन आला असणार. बसमध्ये आवाज, माझा फोन पिशवीच्या तळाशी. मला सोडून सगळ्यांना कळलंय. मी तिथेच तुरींवर बसले.

‘तुम्हाला कुणी सांगितलं, आक्का?’

‘म्या तुले इचारून राह्यली, अन् तू मलेच इचारतं?’

‘कधी आला फोन?’

‘कोनता फोन?’

आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून एकमेकींना विचारत होतो आणि दोघीही रडत होतो. आक्कांचा विश्वास होता की मला ठाऊक आहे. माझा विश्वास होता की त्यांना ठाऊक आहे. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली ती दारातच थबकली. तिनं खाली पडलेलं कार्ड उचललं. तिचाही चेहरा आधी पडला. मग तिचे ओठ हलले, तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

‘आत्याबाई,’ ती सासूला म्हणाली, ‘हे लगन हाये.’

तिनं कार्ड आमच्या दोघींपुढे धरलं.

‘लगन हाये आत्याबाई. अन्वीचं. शुभविवाह लिहून हाये इथं. गनपती बी हाये, केवढा मोठा.’

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ‘जित्ती हाये?’

‘हो हो, आहे ना!’

‘तं मंग फोन लाव. माह्यासमोर लाव. मले तिचं तोंड पाह्यजे.’

तिकडे तुझी झोपायची वेळ झाली होती, अन्वी. तू केस बांधत फोन घेतलास आणि पाहिलंस तर दोन म्हाताऱ्या, दोघींचे डोळे सुजलेले.

‘आत्याआजी? काय झालं?’

‘काई नाई झालं. जित्ती हायेस ना तू?’

‘म्हणजे काय? हो!’

‘मंग कर लगन. कोनासंग बी कर. मद्राशी कर, अमेरिकावाला कर, जो पाह्यजे तो कर. हळद मीच लावीन, दुसऱ्या कोनाले हात लावू देजो नको. समजलं?’

‘आत्याआजी, तू रडतेस का?’

‘तुह्या आजीनं गंमत केली माही. ठेव आता, झोप.’

तू नंतर मला तीनदा विचारलंस, आजी काय गंमत केलीस, आणि मी तीनदा उडवून लावलं. ती गंमत ही.

फोन ठेवल्यावर आक्का तुरी गोळा करायला लागल्या. मीही लागले. मग त्यांनीच सुरू केलं.

‘बह्याड झाली का वं तू? लगनाचं कार्ड कोनी असं करते?’

‘पण काय चुकलं त्यात, आक्का? लग्न लिहिलंय, गणपती आहे, लाल किनार आहे.’

‘मले वाचाले कुठं येते वं तेवढं? तिसरीतून घरी बसवलं बापानं. पन हे अक्षर मले दुरून वळखू येते. हे अक्षर दारात आलं का मानूस गेलं. माहा सासरा गेला तवा हेच. थोरला दीर गेला तवा हेच. आपला मधू गेला तवाबी हेच.’ मधू म्हणजे तुमचे आबा. ‘त्या कार्डावर खाली तुहं नाव होतं, पोराचं होतं, अन्वीचं होतं, ईशानचं होतं. आता तेच सगळे नावं, तेच अक्षर, अन् पोट्टी वर गेली. म्या काय समजावं?’

माझ्या हातात तुरीची मूठ तशीच राहिली.

मी सरळमध्ये प्रश्नपत्रिका केल्या, नोटिसा केल्या, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची निमंत्रणं केली. माझ्यासाठी ते सगळ्या कामाचं अक्षर होतं. पण समुद्रपूरच्या ओसरीपर्यंत त्यातलं काय पोचत होतं? वर्षानुवर्षं, एकच. आमच्याकडून आणि आमच्याकडून फॉन्ट नेलेल्या प्रत्येक छापखान्यातून, एकच. सुनंदा म्हणाली, ‘मामी, मलेबी आधी तसंच वाटलं. सांगता नाई येत का काऊन.’ लताबाईंनाही सांगता आलं नव्हतं. मंगेशला तर स्वतःचे हात काय करतात हेही कळलं नव्हतं. त्यानं अन्वीची पत्रिका छापील बाजू खाली करून दिली आणि मला ‘येजा’, म्हणजे ‘पुन्हा या’, म्हटलं नाही, आणि मी त्याच्यावर रुसले होते.

आणि आबांची पत्रिका. ती मीच केली होती. तुमचे बाबा म्हणत होते, ‘आई, तू नको करूस, मी कुणाकडून करून घेतो.’ मी ऐकलं नाही. त्या दिवशी मी फॉन्ट निवडला नाही. कॉम्प्युटरपुढे बसले आणि हात सवयीनं सरळवर गेला. छपाई उत्तम आली होती. एकही गाठ भरली नव्हती, हे मला तेव्हा दिसलं होतं.

परतीच्या एसटीत मला ते दरवर्षी येणारे आजोबा आठवत राहिले. ‘लोक वाचतच नाई ना बाई ते. पाह्यतेत अन् बसून घेतेत.’ मी त्यांना पेन्सिलीनं गाठी दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी पत्रिका नवरीमध्ये केली. महिरपी, झुपके, सगळं. जी जागा मी मोकळी सोडली होती ती तिनं स्वतःच भरून टाकली. मंगेशनं कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं, हसला, आणि तसंच, सुलटं, न गुंडाळता माझ्या हातात दिलं.

‘आता कसं कार्डावानी कार्ड दिसते. येजा काकू, सांभाळून जाजा!’

आक्कांकडे दुसरी प्रत पोचली. त्यांनी ती देवापुढे ठेवली आहे आणि समुद्रपूरची अख्खी गाडी भरून येते आहे. तुम्हाला मी फोटो पाठवला तर ईशान, तुझं उत्तर आलं, ‘आजी, खूप छान आहे, पण यात ताईचं नाव कुठे आहे?’

म्हणून म्हणते, मला कळेनासं झालंय. माझी गुणपत्रिका अजून टेबलावर आहे. सतरा नंबर पहिला, अकरा नंबर जवळजवळ नापास. एकही गुण मी बदललेला नाही, कारण कुठे बदलू ते सापडत नाही. गाठी मोकळ्या आहेत, मात्रा जागेवर आहेत, जोडाक्षरं अचूक आहेत. माझी परीक्षा बरोबर होती, असं मला आजही वाटतं. आणि तुरी ओसरीभर सांडल्या, हेही तितकंच खरं. शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माझ्या डोक्याला या दोन्ही गोष्टी एका कागदावर मांडता येत नाहीत. नवीन मशीनवर मी दोन्ही फॉन्ट ठेवले आहेत. मंगेश म्हणाला, दोघांनी काही मशीन दमत नाही.

अंकवाले हा लेख त्यांच्या अक्षरात छापतील. तुमची प्रत मी वेगळी पाठवते आहे. हे जुने फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नसल्यामुळे तिकडे नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी उमटते, म्हणून पीडीएफ करून. ती सरळमध्ये आहे. ईशान, तू न अडखळता वाचतोस ते तेवढंच एक अक्षर. तुम्हा दोघांना त्यात फक्त अक्षरं दिसतात. तसं पाहू शकणारं इकडे कुणी उरलं असेल असं वाटत नाही. मलाही आता जमत नाही. हा लेख टाइप करताना मधूनमधून मी थांबले, उठून पाणी प्यायले, परत बसले.

वाचताना शेजारी आपल्याकडचं कुणी असेल आणि दचकलं, तर आधी सांगून टाका, आजी ठणठणीत आहे.

तुळशीचं लग्न झालं की तुम्ही येणारच आहात. त्या येण्याविषयी नाही, लग्न करून तिकडे जाल त्यानंतरचं लिहिते आहे. या अक्षरातला तेरवीचा गठ्ठा देताना इतकी वर्षं जे मला कुणालाच म्हणता आलं नाही, ते एकदा म्हणून घेते.

परत या.